पाने

हिला आपले पाने लागत नाहीत.
बारा नंबर बसत नाही, तेरा फिरतो नुसता.
व्हिटवर्थ नावाचं एक माप होतं म्हणे,
त्या मापाचे कारखाने कधीच भंगारात गेले,
नट मात्र अजून हलायला तयार नाहीत.

त्यातही गंमत बघा :
बोल्टाचं डोकं इंग्लंडचं, आटे मिलिमीटरचे.
म्हणजे बाहेरून एक हिशेब, आत दुसराच.
मी चाळीस वर्षं कुपवाडला लेथवर उभा होतो,
असलं बेणं पाहिलं नव्हतं.

किर्लोस्करवाडीचा एक फिटर वारला,
त्याच्या पोरानं पेटी आणून दिली, किलोच्या भावानं.
पाने तेरा. एक गहाळ.
गाडीच्या पुस्तकातलीही पाने गहाळ,
सत्तेचाळीस ते बावन्न,
नेमका गिअरबॉक्स.
ती सहा पाने मी बोटांनी वाचली,
काळ्या ग्रीसमध्ये मनगटापर्यंत हात घालून,
दोन पावसाळे लागले.

बावन्न सालची एमजी. दारं उलटी उघडणारी.
मिरजेच्या कुठल्याशा डॉक्टरची,
मग तासगावात, बेदाण्याच्या शेडमध्ये, क्रेटांखाली.
दाराच्या कप्प्यात मूठभर बेदाणे निघाले,
खडे झालेले.
मी एक चावून बघितला. गोड होता.

एकोणीसच्या पुरात पाणी जिन्याच्या चौथ्या पायरीला आलं
तेव्हा मी इंजिन गच्चीवर नेलं,
चेन-पुली लावून, गल्लीतली सहा माणसं बोलावून.
राजमती तेव्हा काही बोलली नाही.
पाणी उतरल्यावर, गाळ ओढता ओढता म्हणाली,
"माझ्या तांदळाच्या आधी."
एकदाच म्हणाली.
भिंतीवरची गाळाची रेघ मी रंगवली,
ती दर उन्हाळ्यात पुन्हा वर येते.

पत्र्याच्या आत हिचा सांगाडा लाकडाचा.
वाळवीनं त्याचा रवा केला होता.
मिरजेहून गौससाहेब आले,
सतारीला ठेवलेली तून घेऊन,
बोटाच्या पेरानं ठोकून बघत, कान लावून.
"गाडीत वाजणार नाही हे," मी म्हणालो.
"वाजतं सगळंच," ते म्हणाले, आणि रंधा मागितला.

मग उरले दोन कार्बोरेटर.
दोघांनी सारखा श्वास घ्यायला हवा,
नाहीतर इंजिन लंगडतं.
रबरी नळीचं एक टोक त्यांच्या तोंडाशी, दुसरं कानात,
मला दोन्हीकडे नुसतं सूंऽऽ.
गौससाहेबांनी नळी घेतली. डोळे मिटले.
"डावा चढा आहे."
किती?
"केसभर."
मी स्क्रू केसभर फिरवला.
"नाही. तुमच्या नव्हे, माझ्या केसाएवढा."
त्यांच्या डोक्यावर एकही नव्हता.
हसलो, आणि हसताना हात हलला तेवढाच फिरवला.
त्यांनी तळवा वर केला.

त्या क्षणी, खरं सांगतो, मला आनंद झाला नाही.
अकरा वर्षं रोज रात्री कुठे जायचं ते ठरलेलं होतं.

राजमती पदर खोचून बसली, उलट्या दारातून,
आम्ही हरिपूरला गेलो, चिंचांखालून,
शाळेची पोरं सायकली टाकून मागे पळाली.
संगमाशी गाडी बंद केली.
बराच वेळ पाणी बघितलं दोघांनी.
ती म्हणाली, "आता काय करणार?"
गाडीचं विचारत होती की माझं, कळलं नाही.

घरी आलो तर गाडीखाली तेलाचे तीन थेंब.
मी वाकलो, बघितलं,
गिअरबॉक्सच. सत्तेचाळीस ते बावन्न.
राजमती आतून पोचे पडलेली परात घेऊन आली,
पायानं गाडीखाली सरकवली.
"तांदळाची नाही ही," म्हणाली,
आणि दिवा चालूच ठेवून गेली.